घशाच्या औषधापासून शिवऱ्याच्या शेडपर्यंत : स्प्रे गनचा इतिहास

१/२१
पुणे–सातारा महामार्गावर, खेड-शिवापूरच्या परिसरात भोर तालुक्यातील शिवरे हे गाव आहे. इतिहासाची आवड असलेले आपण या वाटेने जातो ते सिंहगड-राजगडाच्या ओढीने. आज मात्र गडांकडे पाठ करून महामार्गालगतच्या पत्र्याच्या शेडांकडे पाहू. अशा शेडांत लोखंडी सांगाडे, दरवाजे, यंत्रांचे भाग रंगवले जातात आणि ज्या अवजाराने ते रंगवले जातात त्याला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्या अवजाराचे नाव स्प्रे गन.

२/२१
हे अवजार रंगाऱ्यासाठी जन्मले नाही. त्याचा एक पूर्वज डॉक्टरच्या दवाखान्यात, रुग्णाच्या घशात औषध पोहोचवण्यासाठी तयार झाला. पुढे औषधाच्या जागी रंग आला, पण मूळ गुण तोच राहिला : द्रवाचे इतके बारीक कण करायचे की ते हवेबरोबर कुठेही शिरतील. रंगाऱ्याच्या छातीतसुद्धा. स्प्रे गन मांडण्याचे आणि चालवण्याचे बहुतेक नियम या एका गुणाला आवर घालण्यासाठी जन्मले. ते नियम एकेक करून कसे आले, हा या धाग्याचा विषय.

३/२१
आरंभ १७०० सालापासून करू. त्या वर्षी सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले. त्याच वर्षी इटलीतील मोडेना येथे बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चित्रकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. चित्रकार आजारी का असतात, याचे उत्तर त्याने त्यांच्या रंगांत शोधले : शिसे, पारा, तेल. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे त्याने वैद्यांना सांगितले. व्यावसायिक आरोग्यशास्त्र त्या प्रश्नापासून सुरू होते, असे मानतात.

४/२१
शिसे आपल्यालाही परके नव्हते. गावोगावच्या दैवतांवर चढणारा शेंदूर हा परंपरेने शिशाचाच ऑक्साइड. लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी जो लाल अस्तर-रंग जगभर वापरला गेला, त्यातही हेच द्रव्य होते. पांढऱ्या रंगासाठी शिशाचा सफेता आणि जवसाचे तेल. कुंचल्याने काम करताना हे विष बोटांना लागे, जेवणातून पोटात जाई. ते थेट श्वासात जाण्यासाठी एका यंत्राची गरज होती.

५/२१
ते यंत्र शिकागोत आले. जोसेफ बिंक्स हा तेथील मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाच्या इमारतीची देखभाल पाहत असे. तळघराच्या भिंतींना सफेदी देण्यासाठी त्याने १८८७ साली पंपाने फवारणारे साधन बनवले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात चित्रकार फ्रान्सिस मिलेट याच्या देखरेखीखाली प्रचंड इमारती फवारून पांढऱ्या केल्या गेल्या. स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्या ‘शुभ्र नगरी’वर उडवलेल्या मिश्रणात तेल होते आणि शिशाचा सफेता होता.

६/२१
दुसरा धागा ओहायो राज्यातील टोलेडो शहरातला. डॉ. अॅलन डीव्हिलबिस यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस घशात औषध फवारणारे उपकरण तयार केले. त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७ साली तेच तत्त्व रंगासाठी वापरून हातात धरायची स्प्रे गन घडवली. बिंक्स आणि डीव्हिलबिस ही दोन्ही नावे आजही रंगाच्या दुकानात गनवर कोरलेली दिसतात.

७/२१
तत्त्व साधे आहे. दाबाखालची हवा अरुंद तोंडातून वेगाने सुटते, शेजारच्या छिद्रातून येणाऱ्या रंगाच्या धारेला फाडते आणि तिचे सूक्ष्म थेंब होतात. मोठे थेंब कामावर बसतात. काही कामावरून उसळून मागे येतात, काही बाजूने निसटतात. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये निम्म्याहून अधिक रंग असा वाया जातो. सुमारे १० मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर पोहोचू शकतात. वाया गेलेला रंग म्हणजे केवळ पैशाचे नुकसान नव्हे, हे कळायला काही वर्षे जावी लागली.

८/२१
ते कळल्याची अधिकृत नोंद १९२१ ची आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्या वर्षी जिनिव्हात शिशाच्या सफेत्यासंबंधी करार संमत केला. त्याच्या पाचव्या कलमात, रंग फवाऱ्याच्या स्वरूपात लावल्याने होणारा धोका शक्य तेथे टाळण्यासाठी उपाय योजावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. हातातली स्प्रे गन तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती.

९/२१
आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. नावातच त्यांची सीमा आहे : घरगुती व सजावटीचे. औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेत नाहीत. म्हणून जुने रंगवलेले लोखंड कोरडे घासून पुन्हा फवारणाऱ्या कारागिरासाठी १९२१ चा इशारा आजही जुना झालेला नाही. त्या करारात कोरड्या घासकामाच्या धुळीचाही उल्लेख आहे.

१०/२१
१९२० च्या दशकात वेगाची गरज वाढली. मोटारीला वार्निशाचे थर देऊन वाळवण्यात आठवडे जात. ड्यूपाँ कंपनीने ‘ड्यूको’ हे लॅकर आणले आणि १९२४ च्या ओकलंड मोटारी त्याने रंगून बाहेर पडल्या. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. हे लॅकर इतके लवकर वाळे की कुंचला फिरवायला सवडच मिळत नसे. ते फवारावेच लागे. स्प्रे गन कारखान्यात कायमची रुजली ती येथे.

११/२१
ड्यूकोचा मुख्य घटक होता नायट्रोसेल्युलोज. तोफांच्या धूरविरहित दारूतला तोच पदार्थ, कमी तीव्रतेच्या रूपात. महायुद्ध संपल्यावर त्याचे कारखाने रिकामे पडले होते. युद्धातली दारू मोटारींवर चढली आणि तिच्यासोबत आगीचे नियम आले : फवारणीच्या जागेत ठिणगी नको, पंख्याची मोटर वाफेच्या वाटेत नको, भिंतीवर साचलेला कोरडा रंग लोखंडी खरवडणीने खरवडू नये. थिनरची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत सरकते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून हवा खेचून घेण्याची सोय खालच्या बाजूलाही हवी.

१२/२१
आता महाराष्ट्रात येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे लक्षात आले आणि त्यांनी कुंचला ठेवून यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९५८ साली त्याच घराण्याच्या उद्योगसमूहात पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक ही एअर कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी उभी राहिली. रंग न ओळखणाऱ्या माणसाच्या घराण्याने रंगकामाच्या गनला लागणारी हवा पुरवावी, हा इतिहासाचा लहानसा विनोद.

१३/२१
मांडणी कॉम्प्रेसरपासूनच सुरू होते. तो फवारणीच्या जागेबाहेर, स्वच्छ हवेत हवा. गाडीच्या किंवा जनरेटरच्या धुराजवळ नको. हवा दाबली की तापते, पुढे निवते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. टाकीच्या तळाशी साचलेले हे पाणी रोज सोडले नाही तर टाकी आतून गंजते. दाब धरणारी गंजलेली टाकी फुटली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ठरावीक काळाने तपासणी. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३१ दाबाच्या यंत्रांसाठीच होते.

१४/२१
पाण्याचा दुसरा त्रास आपल्या पावसाळ्याला चांगला ठाऊक आहे. भोर-वेल्ह्याच्या ओल्या हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरते. म्हणून हवेच्या वाटेवर पाणी व तेल अडवणारा फिल्टर, मग रेग्युलेटर, मग होज, मग गन. रंगाचा घट्टपणा फोर्ड कपातून तो किती सेकंदांत गळतो यावरून मोजतात. आधी पुठ्ठ्यावर पंख्याचा आकार पाहायचा, मग गन कामापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, काटकोनात, हाताच्या एकसारख्या वेगाने. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढता. दाब लागतो तितकाच ठेवायचा. जास्त दाब म्हणजे अधिक धुके, आणि धुके म्हणजे वाया गेलेला रंग व भरलेली छाती.

१५/२१
वाहणारे थिनर, घासणारी हवा यांतून स्थिर वीज साठते. ती शत्रूच होती. १९४० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड रॅन्सबर्ग याने तिलाच कामाला लावले : रंगाच्या कणांना हजारो व्होल्टचा भार द्यायचा, काम जमिनीशी जोडायचे, कण आपणहून कामाकडे ओढले जातात. वाया जाणारा रंग पुष्कळ घटला. पण ज्या हुकांवर काम टांगतात त्यांवर रंगाची पुटे चढली की अर्थिंग तुटते आणि ठिणगी पडू शकते. हुक घासणे हे साफसफाईचे हलके काम वाटते. आग टाळणारे काम तेच.

१६/२१
पुढे एअरलेस गन आली. हिच्यात हवा नाही. पंप रंगालाच सुमारे २०० बार दाबाने बारीक छिद्रातून ढकलतो. मोठ्या टाक्या, पूल, छपरे यांचे काम झपाट्याने होते. धोका मात्र वेगळ्या जातीचा. ही धार कातडी भेदून रंग बोटाच्या आत, स्नायूबंधांच्या वाटेने दूरवर पोहोचवते. दाबाखालच्या द्रवाने झालेल्या अशा इजेची वैद्यकीय नोंद १९३७ साली डिझेल इंजिनाच्या बाबतीत झाली होती. नंतर तीच इजा रंगकामात दिसू लागली.

१७/२१
ही जखम फसवी असते. बाहेरून मुंगी चावल्यासारखा ठिपका, सुरुवातीला दुखणेही थोडेच. तासाभरात बोट सुजते आणि उशीर झाला तर कापावे लागते. म्हणून नोझलसमोर बोट नेऊ नये, गनचे कुलूप लावूनच ती खाली ठेवावी. नोझल साफ करण्याआधी पंप बंद करून उरलेला दाब अर्थिंग केलेल्या धातूच्या बादलीत सोडावा. ठिपका दिसला तर घरगुती उपाय न करता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि कोणता रंग होता ते डॉक्टरांना सांगावे. रामाझिनीचा प्रश्न येथेही लागू पडतो.

१८/२१
१९३७ हेच साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे. जर्मनीत ऑटो बायर व सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. आजचे चकचकीत, टिकाऊ ‘टू-पॅक’ रंग त्याच कुळातले. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या धुक्याने शरीर एकदा संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि कारागिराला धंदाच सोडावा लागतो. वास आला नाही म्हणून हवा स्वच्छ, हा हिशेब येथे चुकतो. या कामाला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, रुमाल किंवा कापडी पट्टी नव्हे. काम थांबले तरी धुके विरेपर्यंत तो काढायचा नाही.

१९/२१
आयसोसायनेट हे नाव भारताने २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ऐकले. भोपाळचा वायू याच कुळातला, पण वेगळा आणि कितीतरी अधिक घातक. त्या रात्रीनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांसाठी नवे प्रकरण आले. त्यातील कलम ४१-ब प्रमाणे धोक्यांची माहिती कामगारांना देणे कारखानदारावर बंधनकारक झाले, तर ४१-ह ने धोका ओढवतो आहे असे वाटल्यास तो लक्षात आणून देण्याचा हक्क कामगाराला दिला.

२०/२१
पण मूळ अधिनियमात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा किंवा अधिक कामगारांचा होता. दोन पेंटर, एक मदतनीस आणि एक कॉम्प्रेसर एवढ्यावर चालणारी शेड बहुधा त्या रेषेच्या खालीच राहते. पेणच्या गणपती कारखान्यांतही मूर्तीच्या अंगाचा रंग आता गनने फवारला जातो. डोळ्यांची आखणी तेवढी कुंचल्याने होते. अवजार सगळीकडे पोहोचले. त्याच्यासोबत तीन शतकांत साठलेली शहाणीव मात्र तितक्या दूर पोहोचली नाही. गन शिकवणारा उस्ताद हात शिकवतो. हुक का घासायचे, मास्क कोणता घ्यायचा, हे सांगायचे राहून जाते.

२१/२१
कामाची मांडणी आता क्रमाने वाचून पाहा. मास्क : १७०० आणि १९२१. पंखा व ठिणगीबंदी : ड्यूकोचे दशक. अर्थिंग : रॅन्सबर्ग. गनचे कुलूप : १९३७ नंतरच्या जखमा. रंगाच्या डब्यावरील धोक्याचा मजकूर : भोपाळनंतरची जाग. गडाच्या तटबंदीत आपण जशा वेगवेगळ्या राजवटींच्या डागडुज्या ओळखतो, तसेच हे थर आहेत. तुमच्या घरात, गावात कोणी स्प्रे पेंटर असतील तर सोळावा, सतरावा आणि अठरावा भाग त्यांना अवश्य वाचून दाखवा. त्यांच्या अनुभवातले काही असेल तर उत्तरात लिहा. कारागिरांचा इतिहास बहुतेक वेळा तोंडीच असतो.