अ‍ॅरोस्मिथची शपथ

सिंक्लेअर लुइस म्हटले की आपल्याला 'बॅबिट' आठवते. १९२५ साली प्रसिद्ध झालेली त्याची 'अ‍ॅरोस्मिथ' ही कादंबरी त्या मानाने मागे पडली. तिचा विषय निघालाच तर लुइसने १९२६ साली नाकारलेल्या पुलित्झर पारितोषिकाच्या किश्शापाशी थांबतो. आम्ही ती पुन्हा हाती घेतली ती मात्र वाङ्मयबाह्य कारणाने. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ साली प्रसिद्ध केला. या संकटावरच्या उपायांची चर्चा वाचताना 'बॅक्टेरियोफेज' हा शब्द वारंवार भेटतो. लुइसच्या नायकाच्या हाती असलेले औषध हेच होते.

फेज म्हणजे जीवाणूंवर जगणारा विषाणू. तो जीवाणूच्या भिंतीला चिकटतो, आपला जनुकीय ऐवज आत सोडतो, आत स्वतःच्या प्रती तयार करवतो आणि शेवटी ती भिंत फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशींशी त्याला कर्तव्य नसते. पण तो कमालीचा चोखंदळ असतो: एका जीवाणूच्या काही वाणांवर चालणारा फेज त्याच जीवाणूच्या दुसऱ्या वाणावर निष्प्रभ ठरतो. हा चोखंदळपणा ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ त्यात आहे.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट याने १९१५ साली असा काही प्रकार पाहिला आणि नोंदवून ठेवला. त्याला नाव दिले आणि त्यातून उपचाराचे स्वप्न पाहिले ते फेलिक्स देरेल याने. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारा हा गृहस्थ जवळजवळ स्वयंशिक्षित होता. हगवणीतून बऱ्या होणाऱ्या रुग्णांच्या मैल्यात जीवाणूंना विरघळवणारे काही तरी असते, हे त्याचे टिपण १९१७ च्या सप्टेंबरात फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे वाचले गेले. १९१९ साली पॅरिसमधल्या मुलांच्या रुग्णालयात हगवणीने अत्यवस्थ झालेल्या एका मुलाला फेज पाजण्याआधी देरेल, तिथले प्रमुख डॉक्टर आणि त्यांचे साहाय्यक यांनी ते स्वतः पिऊन पाहिले. मुलगा बरा झाला.

आता आपल्याकडच्या एका आवडत्या दंतकथेविषयी. आग्र्याचा अर्नेस्ट हँकिन याने १८९६ साली लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो. यावरून 'फेजचा शोध गंगेत लागला' असे आपण हौसेने सांगत आलो. हँकिनला स्वतःला मात्र संशय होता तो उडून जाणाऱ्या एखाद्या रसायनाचा, आणि २०११ साली स्टीफन एबेडन व सहकाऱ्यांनी मूळ लेख तपासून, त्या नोंदी फेजच्या खात्यावर जमा करणे कठीण आहे असाच निष्कर्ष काढला. अभिमानासाठी आपल्याला दुसरी जागा शोधावी लागेल. तशी ती आहे, पण अभिमान वाटण्याजोगी आहे का, हा प्रश्न आहे.

'अ‍ॅरोस्मिथ'मध्ये मार्टिन अ‍ॅरोस्मिथ हा तरुण संशोधक स्वतंत्रपणे फेजपाशी पोचतो, आणि लेख लिहीत असतानाच त्याला कळते की देरेलने तो शोध आधीच प्रसिद्ध केला आहे. खऱ्या माणसाचे नाव असे मध्येच आणण्याचे धाडस लुइसला झाले, कारण त्याच्या पाठीशी पॉल द क्राइफ हा जीवाणुशास्त्रज्ञ होता. कादंबरीच्या मानधनातला चौथा हिस्सा त्याला मिळत असे. पुढे कॅरिबियन समुद्रातल्या एका काल्पनिक बेटावर प्लेग पसरतो. मार्टिन फेज घेऊन निघतो तेव्हा त्याचा गुरू मॅक्स गॉटलीब त्याच्याकडून शपथ घेतो: निम्म्या लोकांना औषध द्यायचे, निम्म्यांना द्यायचे नाही. तुलनेला गट नसेल तर रुग्ण औषधाने बरे झाले की साथ आपोआप ओसरली, हे कधीच कळणार नाही. मार्टिन बेटावर जातो आणि त्याची बायको लिओरा प्लेगने मरते. त्यानंतर तो शपथ मोडतो व मागेल त्याला फेज देतो. परतल्यावर त्याचा सत्कार होतो. कबुली द्यायला तो गुरूकडे जातो, तेव्हा गॉटलीबची स्मृतीच हरपलेली असते.

हे प्रकरण शिकवताना आपण ते नायकाच्या अंतर्द्वंद्वाचे उदाहरण म्हणून सांगतो. पण कादंबरी येऊन दोनच वर्षे होतात तोच, १९२७ साली देरेल हिंदुस्थानात आला. त्याने पंजाबात पटकीच्या रुग्णांना फेज पाजले, खेड्यांतल्या विहिरींत फेज ओतले. त्यापुढचा मोठा प्रयोग आसामात शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या मॉरिसन यांनी केला. नौगाँग भागात फेज वाटायचे आणि हबीगंजात वाटायचे नाही, असा त्याचा आराखडा होता. हबीगंज आज बांगलादेशात आहे. लुइसने कल्पिलेले बेट, त्याचे दोन भाग, एका भागाला औषध आणि दुसऱ्याला नाही: ही मांडणी साम्राज्याच्या नकाशावर प्रत्यक्ष उतरली. फरक इतकाच, की अ‍ॅरोस्मिथला जिची किंमत मोजावी लागली ती शपथ इथे प्रशासकीय सीमारेषेनेच निभावून नेली. ज्याला औषध नाकारायचे त्याच्या डोळ्यांत पाहण्याची वेळ कागदावर आखलेल्या सीमेमुळे येत नाही. कादंबरीने ती वेळ आणली, हे आम्हाला तिचे खरे सामर्थ्य वाटते. शिवाय पुरावाही निर्विवाद झाला नाही. दोन मुलूख म्हणजे दोन सारखे गट नव्हेत. पाणी वेगळे, वस्ती वेगळी, आणि पटकीची साथ स्वतःच्या लहरीने येते-जाते.

फेजचे विस्मरण कसे झाले, याची एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते: पेनिसिलिन आले, पश्चिमेने फेज टाकून दिले, आणि लोखंडी पडद्यामागे ते टिकले. यात तथ्य आहे. जॉर्जी एलियाव्हा याने तिबिलिसीत १९२३ साली स्थापलेली संस्था आजही फेज बनवते. देरेल १९३३ ते १९३५ या काळात तिथे गेला, त्याने आपले पुस्तक स्टालिनला अर्पण केले; १९३७ साली स्टालिनच्याच राजवटीत एलियाव्हाला गोळी घातली गेली. (अर्पणपत्रिकांच्या इतिहासात याहून कडवट नोंद आम्हाला तरी माहीत नाही.) पण पश्चिमेतली नाराजी पेनिसिलिनच्या आधीची आहे. १९३४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ईटन आणि बेन-जोन्स यांनी तोवरचा पुरावा चाळून तो अपुरा ठरवला होता. रुग्णाच्या जंतूला जुळणारा फेज आहे की नाही हे न पाहताच तो दिलेला, तयार औषधांचा दर्जा बेभरवशाचा, आणि तुलनेचा गट बहुधा नाहीच. गॉटलीबचीच तक्रार ती. पेनिसिलिनने वादाचा निकाल लावला नाही, वादच अनावश्यक करून टाकला. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा फेजची आठवण काढण्याचे कारण आपल्यालाही उरले नव्हते.

आता ते कारण पुन्हा उपस्थित झाले आहे. लंडनला फुप्फुसांचे प्रत्यारोपण झालेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयजंतूच्या एका भाईबंदाने जखमा केल्या होत्या. पिट्सबर्गच्या ग्रॅहॅम हॅटफुल यांच्या संग्रहातले तीन फेज, त्यांतल्या दोहोंत जनुकीय फेरफार करून, तिला दिले गेले आणि जखमा भरू लागल्या. हा वृत्तान्त २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिघांतला 'मडी' नावाचा फेज दक्षिण आफ्रिकेत सडलेल्या वांग्यावर सापडला होता. त्याच वर्षी भाजलेल्या रुग्णांवरच्या 'फेजोबर्न' या रीतसर तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष आले. साठवणीत फेजची मात्रा ठरल्यापेक्षा कितीतरी पटींनी घटली होती, आणि फेजची गती नेहमीच्या मलमापेक्षा मंद ठरली. मुलीच्या बातमीपुढे या चाचणीकडे वृत्तपत्रांनी फारसे पाहिले नाही.

बेल्जियममध्ये २०१८ पासून औषधनिर्माते रुग्णागणिक फेजचे मिश्रण बनवून देऊ शकतात. तिथल्या गटाने २०२४ साली बारा देशांतल्या लागोपाठच्या शंभर रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला: ७७ टक्क्यांहून थोड्या अधिक संसर्गांत प्रकृती सुधारली, ६१ टक्क्यांत जंतू नाहीसा झाला. जोडीला प्रतिजैविक नसेल तर जंतू जाण्याची शक्यता बरीच कमी होती. हे बहुतेक रुग्ण इतर उपाय थकलेले होते. त्यांच्यातल्या निम्म्यांना फेज नाकारा, असे कोणी कोणाकडून वदवून घेतले नाही. अहवालात तुलनेचा गट नाही.