राष्ट्राध्यक्षाला परराष्ट्र धोरणाचा अनुभव हवाच का? एका प्रश्नाची चिरफाड



नोव्हेंबर १९९९. टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी प्रचार करत होते. बॉस्टनच्या एका टीव्ही वार्ताहराने मुलाखतीत त्यांना अचानक विचारलं: चेचन्या, तैवान, पाकिस्तान आणि भारत, या चार ठिकाणचे प्रमुख कोण? बुश यांना तैवानच्या नेत्याचं आडनाव तेवढं सांगता आलं. पाकिस्तानसाठी त्यांनी 'जनरल' म्हणून वेळ मारून नेली. वाजपेयींचं नाव काही आलं नाही. कारगिल युद्ध संपून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते!

आता पुढचं बघा. जुलै २००५ मध्ये याच बुश यांनी मनमोहन सिंग यांच्यासोबत नागरी अणुसहकार्याची घोषणा केली आणि २००८ मध्ये ते कायद्यात उतरवलं. (आपले डॉ. अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते.) भारत-अमेरिका संबंधांतला तो फार मोठा टप्पा. आणि याच बुश यांनी २००३ मध्ये इराकवर सैन्य धाडलं, जी संहारक शस्त्रं तिथे कधी सापडलीच नाहीत त्यांच्यासाठी. मग १९९९ च्या त्या तोंडी परीक्षेवरून नेमकं काय कळलं?

अमेरिकेत दर चार वर्षांनी हा प्रश्न वर येतो. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांची पहाटे तीन वाजता व्हाइट हाउसमध्ये वाजणाऱ्या फोनची जाहिरात गाजली होती. फोन कुणी उचलावा, अनुभवी माणसाने की ओबामांनी, असा तिचा रोख. इतिहास हा माझा विषय नाही, मी विज्ञानाची विद्यार्थिनी. पण पेटची तयारी करणारे तुमच्यापैकी अनेक जण 'क्ष चा य वर परिणाम होतो का?' याच साच्यात विषय सुचवतात. म्हणून आज हाच प्रश्न एखाद्याच्या सिनॉप्सिसचा विषय आहे असं समजून उघडून बघू.

पहिली अडचण आकड्यांची. आजवर ४५ व्यक्ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. ४५ चा सॅम्पल, तोही २३० हून जास्त वर्षांत पसरलेला. जहाजाने पत्र पोचायला काही आठवडे लागायचे तो काळ आणि अणुबॉम्बचा काळ एकाच रकान्यात. कंट्रोल ग्रुप नाही. दोन राष्ट्राध्यक्षांसमोर एकच संकट आलं असं कधी होत नाही.

दुसरी अडचण निवडीची. आपल्याला दिसतात ते फक्त निवडून आलेले. अनुभवी असून हरलेले लोक कसे वागले असते ते दिसत नाही. अगदी रंजक गोष्ट म्हणजे परराष्ट्रमंत्री राहून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फक्त सहा जण आहेत: जेफरसन, मॅडिसन, मन्रो, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, व्हॅन ब्युरन आणि ब्युकॅनन. सगळे यादवी युद्धाच्या आधीचे. १८५६ नंतर एकही नाही.

या यादीतले शेवटचे जेम्स ब्युकॅनन. कागदावर बघाल तर यांच्याइतका भारी बायोडेटा क्वचितच कुणाचा असेल: रशियात राजदूत, परराष्ट्रमंत्री, मग ब्रिटनमध्ये राजदूत. गंमत अशी की लंडनच्या या नेमणुकीनेच त्यांना उमेदवारी मिळायला मदत केली, पण मुत्सद्दी म्हणून नव्हे. १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्तारावरून कॅन्सस-नेब्रास्का कायद्याचं भांडण पेटलं तेव्हा ते देशातच नव्हते, त्यामुळे त्या वादाचा चिखल त्यांना लागला नव्हता. ते पायउतार झाले तेव्हा सात राज्यं फुटून निघाली होती. त्यांच्या जागी आलेले लिंकन हे काँग्रेसमध्ये फक्त एक टर्म काढलेले वकील. नोव्हेंबर १८६१ मध्ये अमेरिकन नौदलाच्या एका कप्तानाने 'ट्रेंट' हे ब्रिटिश जहाज अडवून त्यावरचे दक्षिणेचे दोन दूत पकडले. उत्तरेत जल्लोष झाला, ब्रिटनने कॅनडाकडे फौज धाडली. लिंकन यांच्या मंत्रिमंडळाने नाताळात बसून ते दोघे परत द्यायचं ठरवलं आणि दुसरं युद्ध टळलं.

एवढ्यावरून 'अनुभव नसलेला बरा' असा निष्कर्ष काढाल तर तुमचे गाईड लगेच थोरल्या बुशचं नाव घेतील, आणि त्यांचं बरोबर असेल. जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश हे संयुक्त राष्ट्रांत राजदूत होते (डिसेंबर १९७१ मध्ये तिथे भारताविरुद्ध बोलणारे ते हेच), मग चीनमधल्या अमेरिकी कार्यालयाचे प्रमुख, सीआयएचे संचालक, आठ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा पत्रकार विचारत होते, तुम्ही खूश का दिसत नाही? गोर्बाचेव्ह यांची अडचण होऊ नये म्हणून ते मुद्दाम गप्प होते. पुढच्या वर्षभरात जर्मनी एक झाली, गोळी न झाडता. इथे अनुभव कामी आला हे मान्य करावंच लागतं.

तेव्हा तुलना आणखी बारीक करायची. माणसामाणसांत नको, एकाच माणसाच्या दोन निर्णयांत करायची. म्हणजे निदान स्वभाव, शिक्षण, पक्ष हे सगळे व्हेरिएबल जागच्या जागी राहतात.

हॅरी ट्रूमन. उपराष्ट्राध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले आणि १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. अणुबॉम्बच्या प्रकल्पाचं ट्रूमन यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सिनेटर असताना त्यांची समिती युद्धखर्चाची तपासणी करत त्या प्रकल्पाच्या जवळ पोचली होती, तेव्हा युद्धमंत्री स्टिम्सन यांनी 'इथे हात घालू नका' असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. सविस्तर माहिती मिळाली ती २५ एप्रिलला. अशा माणसाच्या काळात मार्शल योजना आली, बर्लिनला विमानाने धान्य-कोळसा पोचवला गेला, नाटो उभी राहिली. यात जॉर्ज मार्शल आणि डीन अ‍ॅचिसन यांचा वाटा मोठा होता, पण त्यांचं ऐकायचं हे ट्रूमन यांनीच ठरवलं होतं.

आता १९५० चा कोरिया. ट्रूमन यांना आता पाच वर्षांचा अनुभव होता. फौजांचे सेनापती मॅकार्थर, ज्यांच्या करिअरचा मोठा भाग आशियात गेला. ३ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर चौ एन-लाय यांनी बीजिंगमधले भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून सांगितलं की अमेरिकन फौजा ३८ वं अक्षवृत्त ओलांडतील तर चीन युद्धात उतरेल. भारताने तो निरोप पोचवला. वॉशिंग्टनने तो धमकी म्हणून बाजूला ठेवला, कारण पणिक्कर चीनच्या बाजूचे, असं तिथलं मत. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकार्थर यांनी ट्रूमन यांना सांगितलं, चीन येण्याची शक्यता फार कमी. चार दिवसांत चिनी सैन्य यालू नदी ओलांडायला लागलं होतं. पुढची जवळजवळ तीन वर्षं युद्ध चाललं. खोलीत अनुभव कमी नव्हता, उलट भरपूर होता. नवशिक्या ट्रूमन यांना मार्शल लागत होते; अनुभवी ट्रूमन यांच्यासमोर माहिती आली तर ती आणणाऱ्या माणसावरूनच फेटाळली गेली.

केनेडींच्या बाबतीत गोष्ट उलटी घडते. १९६० च्या निवडणुकीत निक्सन यांचा सगळा प्रचार अनुभवावर होता. (निक्सन यांची कोणती मोठी कल्पना तुम्ही स्वीकारलीत, असं आयझेनहॉवर यांना विचारलं तेव्हा, आठवडाभर द्या, कदाचित एखादी आठवेल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. बिचारे निक्सन.) केनेडी जिंकले, आणि एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाच्या बे ऑफ पिग्जवर सुमारे १,४०० निर्वासित क्यूबन उतरवले गेले. योजना आयझेनहॉवर यांच्या काळातली, आखणारे सीआयएचे अ‍ॅलन डलेस आणि रिचर्ड बिसेल, दोघेही मुरलेले. तीन दिवसांत सगळं संपलं. शंभरहून जास्त मेले, बाकीचे बहुतेक पकडले गेले.

दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, त्याच क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली. माणूस तोच, पण यावेळी चर्चेची पद्धत वेगळी. मतं मोकळी यावीत म्हणून केनेडी काही बैठकांना मुद्दाम हजर राहिले नाहीत. परराष्ट्र खात्याशी संबंध नसलेले भाऊ रॉबर्ट आणि भाषणं लिहिणारे सोरेन्सन यांनाही बसवलं. आणि मॉस्कोत राजदूत राहिलेले, ख्रुश्चेव्ह यांना जवळून ओळखणारे लुएलिन थॉम्पसन यांचं ऐकलं. १९ ऑक्टोबरला हवाई दलाचे जनरल लेमे केनेडींच्या तोंडावर म्हणाले की ही नाकेबंदी जवळपास म्युनिकच्या तडजोडीइतकीच वाईट आहे. हे कुणाला? ज्याने हार्वर्डमध्ये आपला प्रबंध म्युनिकवरच लिहिला होता त्याला! स्वतःच्याच प्रबंधाचा दाखला विरोधात येत असतानाही केनेडींनी हल्ल्याचा हुकूम दिला नाही. २७ तारखेला क्यूबावर अमेरिकेचं विमान पाडलं गेलं, वैमानिक मेला, तरीही नाही. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं गुपचूप काढायचं कबूल करून त्यांनी प्रकरण मिटवलं.

तुमच्यातल्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांच्या लक्षात आलं असेल. अनुभव हा बेझच्या भाषेतल्या 'प्रायर'सारखा वागतो. चांगला प्रायर असेल तर थोड्या डेटावरही तुम्ही योग्य जागी पोचता, थोरले बुश पोचले तसे. पण प्रायर इतका घट्ट असेल की समोरचा कुठलाही डेटा त्याला हलवू शकत नाही, तर अनुभव नसलेलाच बरा होता असं वाटायची वेळ येते. याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण आपल्या शेजारचं आहे.

१९६९ मध्ये निक्सन अखेर राष्ट्राध्यक्ष झाले. परराष्ट्र धोरणात त्यांच्याइतका तयारीचा माणूस विरळाच. चीनशी दार उघडण्याचं श्रेय त्यांचंच. पण १९५३ च्या दौऱ्यापासून त्यांच्या मनात पाकिस्तान आवडता आणि भारत नावडता असं बसलं होतं, आणि १९७१ मध्ये चीनकडे जायचा गुप्त रस्ता पाकिस्तानातूनच होता. मार्चअखेर पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली. ढाक्यातले अमेरिकन कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड रोज कळवत होते. ६ एप्रिलला तिथल्या २० अमेरिकनांनी सही करून आपल्याच सरकारच्या गप्प बसण्याविरुद्ध तार पाठवली. धोरण हललं नाही. ब्लड यांची बदली झाली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि डिसेंबरात अमेरिकेचं 'एंटरप्राइझ' बंगालच्या उपसागराकडे निघालं. वाजपेयींचं नाव न आठवलेल्या धाकट्या बुशपेक्षा निक्सन यांना या उपखंडाची माहिती कितीतरी जास्त होती. हेच मला यात सगळ्यात अस्वस्थ करतं.

मग सिनॉप्सिसचं काय? 'अनुभव हवा का?' हा प्रश्न आहे तसा घेऊन आरआरसीसमोर गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत अडकाल. मी तो असा बदलेन: राष्ट्राध्यक्षाच्या आधीच्या मताविरुद्ध माहिती आली तेव्हा ती त्याच्या टेबलापर्यंत पोचली का, आणि पोचल्यावर काय झालं? आता तुमचं युनिट राष्ट्राध्यक्ष राहत नाही, निर्णय होतो. ४५ च्या जागी शेकडो केसेस मिळतात. अनुभव हा एक व्हेरिएबल म्हणून त्यात राहू द्या, सल्लागारांचा अनुभवही घ्या (२००३ च्या इराकच्या वेळी चेनी आणि रम्सफेल्ड हे दोघेही माजी संरक्षणमंत्री होते), आणि विरोधी माहिती कुणाकडून आली तेही नोंदवा. पणिक्कर आणि ब्लड यांची उदाहरणं शेजारी ठेवली की त्या शेवटच्या रकान्याचं महत्त्व कळतं. एक परका राजदूत, दुसरा घरचाच अधिकारी, दोघांचंही ऐकलं गेलं नाही. मग घरचा-परका हा फरक खरंच काही करतो का? इथे एखादा पेपर नक्की आहे.

डेटासाठी खर्च शून्य. अमेरिकेचं परराष्ट्र खातं १८६१ पासून आपली कागदपत्रं 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' या मालिकेत छापत आलं आहे आणि त्यातले खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. सुरुवात १९६९-७६ या संचाच्या अकराव्या खंडापासून करा, तो पूर्ण १९७१ च्या दक्षिण आशियावर आहे. ब्लड यांची ती तार त्यात आहे. ती वाचून झाली की लगेच निष्कर्षाकडे पळू नका, त्यापुढचे दोन-तीन आठवडे तारखेच्या क्रमाने वाचा आणि प्रत्येक कागद कुणाकडून कुणाकडे गेला एवढंच आधी एक्सेलमध्ये भरा.