शेवटी जुळणारे पहिले पान

खिळ्यांच्या छपाईत पुस्तकाचे पहिले पान सहसा सर्वांत शेवटी छापले जाई. मजकुराचे फर्मे उतरले, पाने किती झाली ते कळले, की मग शीर्षकपृष्ठ आणि अनुक्रमणिका जुळवायला घेत. अनेक ग्रंथांत या पानांचे आकडे वेगळे असतात, त्याचे मूळ या रिवाजात आहे. प्रश्नपत्रिकेच्या मुखपृष्ठाचा इतिहासही याच रिवाजाच्या अंगाने वाचावा, असे माझे म्हणणे आहे. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पुस्तकी प्रश्न पूर्वी वाचून सांगत; 1820च्या दशकाअखेरीस ते छापील झाले. तोंडी सांगितलेल्या प्रश्नांना मुखपृष्ठ कुठून असणार? कागद हाती आला तेव्हा एकूण गुण, वेळ आणि पाने आधीच सांगण्याची सोय झाली. आणि सांगितलेले आतल्या मजकुराशी जुळले पाहिजे, ही जबाबदारीही आली.

संगणकावरच्या जुळणीतही हाच क्रमाचा पेच येतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून, त्या ओबडधोबड गणिती जुळणीला वैतागून, 1977 मध्ये ‘टेक’ ही संगणकीय अक्षरजुळणीची प्रणाली रचायला घेतली. ती मजकूर सुरुवातीपासून शेवटाकडे वाचत जाते आणि पान तयार झाले की हातावेगळे करते. म्हणजे मुखपृष्ठ जुळताना शेवटच्या प्रश्नाचे गुण तिला ठाऊकच नसतात. ‘टेक’वर उभारलेल्या, लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’ने यावर सहायक फाइलचा उपाय योजला: पहिल्या फेरीत आकडे टिपून ठेवायचे, दुसऱ्या फेरीत ते वाचायचे. फिलिप हर्शहॉर्न यांनी परीक्षांसाठी केलेला ‘एक्झाम’ हा लाटेकचा साचा याच वाटेने गुणांची बेरीज आणि प्रश्नवार गुणतक्ता मुखपृष्ठावर आणतो. छापखान्याचा जुना क्रम इथे दोन फेऱ्यांच्या रूपाने परत आला आहे.

यावर कोणी म्हणेल, परीक्षा 100 गुणांची हे आधीच ठरलेले असते, मग बेरजेचा खटाटोप कशाला? पण ठरवलेला आकडा हा हेतू असतो. आत मांडलेले गुण ही वस्तुस्थिती. मुखपृष्ठावर 100 हाताने लिहिले, तर आतले 98 झाकले जातात. बेरजेतून 98 आले, तर चूक परीक्षागृहाबाहेरच सापडते, आणि ती तिथेच सापडायला हवी. नाहीतर तिची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एखाद्या उपप्रश्नाला गुण द्यायचेच राहिले, तरी यंत्र उरलेल्यांची बेरीज बिनदिक्कत करते. आपल्याकडे तर ‘खालीलपैकी कोणतेही चार सोडवा’ हा सर्रास प्रकार. दहा गुणांचे सहा प्रश्न दिले की साधी बेरीज 60 दाखवते, कमाल गुण मात्र 40. हा फरक साच्याला शिकवावा लागतो, म्हणजे तो आधी प्राश्निकाने स्वतःशी स्पष्ट केलेला असावा लागतो. साच्याने बेरीज केली म्हणून प्राश्निकाची नजर सुटत नाही. गुण मोजण्याऐवजी ती आता पर्यायांच्या सूचनेवर रोखलेली हवी.