घर, भाडेकरू आणि पहिला प्रश्न

सोलापुराहून तुळजापुरास जातांना वाटेंत तामलवाडी लागते. या मुलखांत परका मनुष्य राहावयास जागा मागूं लागला, कीं ‘कोण तुम्ही?’ हा पहिला प्रश्न. आणि त्याचा रोख नांवापेक्षां जातीकडेच अधिक. अशा प्रश्नानें मालकास हवी ती माहिती मिळते काय?

सन १९१७ मध्यें भीमराव आंबेडकर परदेशांतून उच्च शिक्षण घेऊन बडोदें सरकारच्या नोकरीवर रुजू झाले. हिंदूंच्या खाणावळींत थारा मिळणार नाहीं हें जाणून ते पारशी नांव धारण करून एका पारशी विश्रामगृहांत राहिले. रोज दीड रुपया द्यावयाचें ठरलें होतें. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. दोघां मित्रांकडेहि सोय झाली नाहीं. मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांस कमाठीबागेंत बसावें लागलें.

पुढें कायदे झाले. मुंबईच्या १९४७ च्या आणि मराठवाड्यांतील हैदराबादच्या १९५४ च्या कायद्यांनीं भाड्याचा दर व घर खालीं करविण्याचीं कारणें बांधून दिलीं. त्या दोहोंची जागा घेणाऱ्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यानें करार लेखी व नोंदलेला असावा असें ठरविलें. पण हें सारें दार उघडल्यानंतरचें! अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासहि वस्तींत राहण्यास आडकाठी करणें १९५५ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें खरें; तथापि ‘जागा गेली’ एवढेंच म्हणणाऱ्याच्या मनांतलें कारण न्यायासनापुढें सिद्ध करणें दुर्घट आहे.

मालकानें चौकशी करूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. घर त्याचें आणि नुकसानहि त्याचेंच. किती माणसें राहणार, भाडें कोणत्या उत्पन्नांतून येणार, पूर्वीच्या मालकाशीं व्यवहार कसा होता, हें त्यानें अवश्य विचारावें. मात्र सर्वांस सारखेंच विचारावें, आणि पहिला भाडेकरू दाराशीं येण्यापूर्वींच हे प्रश्न कागदावर लिहून ठेवावे. चेहरा पाहून सुचलेल्या अटींत पक्षपात सहज दडतो.

बडोद्यास खरी कसोटी पैसा व वर्तन यांची असती, तर त्या तरुणास खोटें नांव घ्यावें लागलें नसतें. अन्यायाचा प्रश्न खोटें उत्तर वदवितो. आणि तें ऐकून मालकहि आपल्या भाडेकरूविषयीं अजाणच राहतो.