अंगणवाडी मोबाईल वाटप (वाशीम जिल्हा)

अंगणवाडी मोबाईल वाटप : अंगणवाडी सेविकांची कागदी रजिस्टरे बंद करून लाभार्थ्यांच्या नोंदी मोबाईलवर घेण्यासाठी पोषण अभियानातून राबवलेला उपक्रम. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. एवढ्या मोठ्या मनुष्यबळाला एकाच कामासाठी मोबाईल देण्याची उदाहरणे राज्यात फारशी नाहीत. सेविका मानधनावर काम करतात.

जिल्हा : वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख असून पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हा कार्यक्रमासाठी मागास जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आता धाराशिव) यांच्यासोबत वाशीमचा समावेश झाला. पोषणाचे आकडे हा या कार्यक्रमाच्या मोजमापाचा भाग असल्याने सेविकेची रोजची नोंद येथे थेट जिल्ह्याच्या क्रमवारीशी जोडली गेली. मानोरा परिसरात बंजारा तांडे बरेच आहेत. छोट्या वस्त्यांसाठी १५० ते ४०० लोकसंख्येमागे मिनी अंगणवाडी असे. तिथे मदतनीस नसल्याने आहार, वजन आणि मोबाईल हे सगळे एकाच बाईच्या अंगावर येई.

पार्श्वभूमी : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. चार दशके तिचा कारभार रजिस्टरांवर चालला. सर्वेक्षण, हजेरी, आहारवाटप, लसीकरण, गृहभेटी, वजनवाढ अशी दहा-अकरा रजिस्टरे सेविका भरत. सेविकांवर देखरेख करणारी मुख्यसेविका त्यांची बेरीज करून बालविकास प्रकल्प कार्यालयाला अहवाल देई. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुंझुनू येथे पोषण अभियानाची सुरुवात झाली आणि त्यातून आयसीडीएस-कॅस (थोडक्यात कॅस) हे नोंदींचे ॲप सेविकांपर्यंत आले. सेविकांना स्मार्टफोन व मुख्यसेविकांना टॅबलेट देण्याचे ठरले.

आखणी : महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वाटप २०१९ मध्ये झाले. ॲप वापरून काम करणाऱ्या सेविकेला दरमहा ५०० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला. संचाची किंमत, संख्या, सिमकार्ड, वाटपाची यादी या गोष्टी कागदावर नेमक्या होत्या. दुरुस्ती कोणी करायची, हमीकाळ संपल्यावर काय, संच बंद पडला तर त्या दिवसाची नोंद कुठे करायची, हे प्रश्न मागे राहिले आणि पुढचा सगळा त्रास त्यांतूनच उभा राहिला. मोबाईल ही खरेदी करून वाटून टाकायची वस्तू मानली गेली. खरे तर रिचार्ज, बॅटरी आणि दुरुस्तीचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि आखणी त्या खर्चापासून सुरू व्हायला हवी होती.

प्रशिक्षण : प्रकल्प व बीट (मुख्यसेविकेकडील अंगणवाड्यांचा गट) पातळीवर, टप्प्याटप्प्याने.

प्रत्यक्ष वापर : वजन-उंचीचा दिवस पाहिला की या कामाचा पेच कळतो. दोन वर्षांखालील मुलाला फळीवर आडवे ठेवून लांबी घेतात, त्याहून मोठ्याला उभे करून उंची. मूल रडत असते, मदतनीस डोके धरते, आई पाय सरळ करते, सेविका आकडा वाचते. अशा वेळी हातात मोबाईल धरणे शक्य नसते. म्हणून आकडे आधी वहीत उतरवायचे आणि गर्दी ओसरल्यावर किंवा संध्याकाळी घरी, जिथे रेंज मिळेल तिथे, मोबाईलवर चढवायचे. दशांश चिन्ह चुकले तर चांगले मूल तीव्र कुपोषितांत जाते किंवा खरे कुपोषित मूल यादीतून निसटते, आणि हा दुसरा प्रकार फार घातक आहे. जिथे वही सुटली नाही तिथे मोबाईलने काम कमी केले नाही, त्यात भर घातली.

मोबाईलची मेमरी थोडी होती. ॲप अद्ययावत होत गेले तसा संच अडकू लागला, तापू लागला. दुरुस्तीचा खर्च खिशातून करावा लागतो, ही राज्यभरातील सेविकांची तक्रार होती.

मोबाईल वापसी : १ मार्च २०२१ रोजी कॅसच्या जागी पोषण ट्रॅकर आले. ते सुरुवातीला इंग्रजीत होते. मराठीत शिकलेल्या आणि मराठीतच रजिस्टरे भरलेल्या सेविकांना मुलांची नावे इंग्रजी अक्षरांत, आधारप्रमाणे, लिहावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत करण्याचे आंदोलन केले. चांगला संच आणि मराठी ॲप ह्या दोन ठळक मागण्या होत्या. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला. या आंदोलनाला अनेकदा तंत्रज्ञानविरोध म्हटले गेले. ते बरोबर नाही. मागणी काम करता येईल अशा साधनाची होती.

नंतरचा काळ : पोषण ट्रॅकर पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. सेविकांच्या फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होती. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवण्याची सोय ॲपमध्ये आली. तांड्यांवरच्या मुलांसाठी ती मोलाची आहे, मात्र दोन्ही टोकांच्या सेविकांनी नोंद वेळेवर केली तरच. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाईलवर पडताळणे सक्तीचे झाले. त्यामुळे आता ही नोंद संध्याकाळवर ढकलता येत नाही. आहाराचे पाकीट देताना संच चालू, कॅमेरा ठीक आणि रेंज हजर असावी लागते.