एल्बेच्या उजव्या तीरावरून ड्रेस्डेन (तैलचित्र)

'ऑगस्टस पुलाच्या खालच्या बाजूने, एल्बेच्या उजव्या तीरावरून दिसणारे ड्रेस्डेन' हे व्हेनिसचा चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याने १७४८ मध्ये रंगविलेले तैलचित्र आहे. १३३ × २३७ सेंमी आकाराचे हे चित्र जर्मनीतील ड्रेस्डेन येथील 'गेमेल्डेगॅलरी आल्टे माइस्टर' या कलासंग्रहालयात आहे.

बेलोत्तो हा प्रसिद्ध चित्रकार कानालेत्तो याचा भाचा व शिष्य. जर्मनी व पोलंडमध्ये तोही मामाच्याच नावाने ओळखला जातो. त्यामुळे या ठिकाणाहून दिसणाऱ्या देखाव्याला आजही 'कानालेत्तो दृश्य' म्हणतात. मामाने मात्र हे दृश्य रंगविलेले नाही. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्या निमंत्रणावरून बेलोत्तो १७४७ मध्ये ड्रेस्डेनला आला व पुढच्याच वर्षी दरबारी चित्रकार झाला. राजासाठी त्याने शहराची जी मोठी दृश्ये रंगविली, त्यांतील हे एक होय.

== चित्रातील शहर ==
नदीच्या संथ पाण्यावर दगडी पुलाच्या कमानी व त्यांची प्रतिबिंबे दिसतात. पुलापलीकडे गेओर्ग बेअर याने उभारलेल्या फ्राउएनकिर्श या प्रॉटेस्टंट चर्चचा घंटेच्या आकाराचा घुमट आहे. हे चर्च १७४३ मध्ये पूर्ण झाले होते. उजवीकडे गाएतानो क्याव्हेरीचे कॅथलिक दरबारी चर्च असून त्याच्या अपुऱ्या मनोऱ्याभोवती परांची बांधलेली आहे. शहर प्रॉटेस्टंट आणि राजा कॅथलिक, ही त्या काळची विसंगती नदीकाठच्या या दोन चर्चमधून नकळत व्यक्त होते. परांची वगळून मनोरा पूर्ण झालेला दाखविणे चित्रकाराला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. चित्राचे दस्तऐवजी मोल मुख्यतः अशा तपशिलांत आहे.

== नंतरचा इतिहास ==
१७६० मध्ये प्रशियाच्या तोफमाऱ्यात शहराचा मोठा भाग व बेलोत्तोचे स्वतःचे घर नष्ट झाले. चित्रातील पूल १९०७ मध्ये पाडून त्या जागी नवा बांधण्यात आला. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग जळाला आणि १५ फेब्रुवारीला फ्राउएनकिर्शचा घुमट कोसळला. युद्धानंतर संग्रहालयातील बहुतांश चित्रे सोव्हिएत संघात नेण्यात आली. १९५५ पासून ती परत मिळू लागली.

बेलोत्तोच्या चित्रांवरून फ्राउएनकिर्श पुन्हा उभारले गेले, असा समज आढळतो. तो वॉर्सातील पुनर्बांधणीशी झालेल्या गल्लतीतून आला असावा. तेथे त्याच्या चित्रांचा आधार खरोखरच घेण्यात आला होता. ड्रेस्डेनमध्ये मुख्य आधार होता तो जुनी छायाचित्रे, मोजमापांचे आराखडे आणि ढिगाऱ्यातून निवडून काढलेल्या मूळ दगडांचा. नव्याने उभारलेल्या चर्चचे अभिषेचन ३० ऑक्टोबर २००५ रोजी झाले. त्याच्या दर्शनी भिंतींत जुने काळपट दगड नव्या फिकट दगडांमध्ये वेगळे ओळखू येतात.