परदेशातलं एक सत्र: तिकिटाआधी श्रेयांकांचा हिशोब

पदवी शिकता शिकता एखादं सत्र परदेशातल्या विद्यापीठात करायची संधी आता आपल्या मुला-मुलींपर्यंतही पोहोचते आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत काही भारतीय विद्यापीठं भागीदार असतात. नाव इथेच राहतं, विद्यार्थी 2 ते 12 महिने तिकडे शिकतो आणि तिथली शिकवणी फी त्याला भरावी लागत नाही. मग घरात व्हिसा, खोली, हलाल जेवण, तिकीट सगळ्याचा हिशोब होतो. श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, तेवढा राहून जातो. परतल्यावर परीक्षा विभागाने "हे विषय आमच्याकडे बसत नाहीत" म्हटलं, तर तेच सत्र पुन्हा करायचं. तालीम झाली, पण वर्ष गेलं.

आधी गणित. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाचे 60 श्रेयांक, सत्राचे 30. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे 40, सत्राचे 20. सत्राला सत्र धरलं तर तिकडचा 6 चा विषय इकडच्या 4 च्या पेपरइतका. पण तासांनी मोजलं की उत्तर बदलतं. तिथला एक श्रेयांक घरचा अभ्यास धरून 25 ते 30 तासांचा, म्हणजे 6 चे 150 ते 180 तास. आपल्याकडे एका श्रेयांकाला 30 तास, म्हणून भागाकार 5 ते 6 येतो. आपलं विद्यापीठ कोणत्या रीतीने मोजतं, हे विभागप्रमुखांना आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "हो जाईल" वर आम्ही कुणालाही विमानात बसू देणार नाही. (ब्रिटनमध्ये आकडा आणखी मोठा दिसतो, सत्राला 60, तिथले 2 म्हणजे 1 ईसीटीएस.)

खरा कागद म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट. त्यात एकीकडे तिथे शिकायचे विषय आणि दुसरीकडे त्यांच्या बदल्यात इथले कोणते पेपर सुटणार ते लिहितात. विद्यार्थी, इथलं विद्यापीठ आणि तिथलं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या लागतात. विषयाच्या नावावर जाऊ नका. अभ्यासक्रमाचं पान उतरवून इथल्या अभ्यासक्रमाशी घटकवार ताडून पाहा. इथला सक्तीचा पेपर तिथे मिळत नसेल, तर तो कधी द्यायचा तेही निघण्याआधी ठरवा. विषय कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या भाषेत शिकवतात, हे तपासा. जर्मनीत पदवीचे बरेच वर्ग जर्मनमध्येच चालतात. एक-दोन विषय राखीव ठेवा, कारण तिथे गेल्यावर तासिका एकमेकींवर येतात किंवा वर्गच रद्द होतो. विषय बदलला तर पहिल्या काही आठवड्यांतच सुधारित कागदावर पुन्हा तिघांच्या सह्या घ्या. इथेच आळस होतो.

वेळापत्रकाचा घोळ वेगळा. जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्राचे वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यांत. तोवर आपलं पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. उशिरा हजर होण्याची परवानगी जाण्याआधीच मागा.

गुणांचंही पाहा. जर्मनीत 1.0 सर्वात उत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास आणि 5.0 नापास. आपल्या दहाच्या मोजणीच्या सवयीने कुणी ते वाचलं तर हुशार मुलगी नापास ठरेल! म्हणून गुणांचं रूपांतर कोणत्या सूत्राने होणार, की नुसतं उत्तीर्ण लिहिणार, हेही त्याच लेखी उत्तरात मागा. शिष्यवृत्ती टक्केवारीवर असेल तर फरक पडतो.

परतताना तिथली अधिकृत गुणपत्रिका इंग्रजीत घ्या. निकाल उशिरा लागतो, म्हणून ती थेट इथल्या परीक्षा विभागाकडे पाठवायला तिथल्या कार्यालयाला सांगून या. अभ्यासक्रमाची पानं, सोडवलेले प्रकल्प, ईमेल सगळं जपून ठेवा. श्रेयांक मंजूर झाल्यावर ते आपल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात दिसतात का, हे पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी पाहून घ्या.